पेशी मेल्या, पण कशामुळे? ग्लुकुरोनाइड प्रोड्रग आणि त्याचा एन्झाइम तपासण्याची कृती

एन्झाइमनं उघडणारा प्रोड्रग, म्हणजे रासायनिक कुलूप लावून बंद ठेवलेलं औषध, हातात आला की पहिला मोह होतो तो एमटीटीचा, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचा. प्लेट लावायची, ७२ तासांनी रंग वाचायचा, आयसी५० (निम्मा परिणाम दाखवणारी तीव्रता) काढायचा आणि प्रबंधात लिहायचं की संयुग कर्करोगाच्या पेशींवर प्रभावी आहे. या वाक्यातून प्रोड्रगबद्दल काहीच कळत नाही. आतलं औषध पेशी मारतं हे आधीपासून ठाऊक असतं. ते बाहेर आलं का, आपण ठरवलेल्याच एन्झाइमनं ते बाहेर काढलं का, आणि एन्झाइम नसताना ते बंद राहिलं का, हे तीन प्रश्न सोडवायचे असतात. खालची कृती त्यासाठी आहे. प्लेट रीडर, एचपीएलसी (मिश्रणातली संयुगं वेगळी करून प्रत्येकाचं शिखर दाखवणारं यंत्र) आणि कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर एवढी सामग्री पुण्यातल्या बहुतेक फार्मसी आणि जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विभागांत असते. तेवढ्यात हे सगळं बसतं.

उदाहरण म्हणून डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाचा ग्लुकुरोनाइड, म्हणजे ग्लुकुरोनिक आम्ल ही साखर जोडलेला, प्रोड्रग घेऊ. एचएमआर १८२६ या जुन्या संयुगाची रचना अशीच होती: एका टोकाला ग्लुकुरोनिक आम्ल, मध्ये नायट्रोबेंझिल स्पेसर (जोडणारा दुवा), दुसऱ्या टोकाला कार्बामेटनं बांधलेलं डॉक्सोरुबिसिन. बीटा-ग्लुकुरोनिडेज हा एन्झाइम एरवी लायसोसोमच्या आत असतो. गाठीच्या मधल्या भागात पेशी मरून फुटतात तेव्हा तो बाहेर सांडतो. प्रोड्रगवर आम्लाचा ऋणभार असल्यानं तो पेशीत सहज शिरत नाही, त्यामुळे निरोगी पेशीतल्या एन्झाइमशी त्याची गाठ पडत नाही. साखर तुटली की स्पेसरचा फिनॉल मोकळा होतो, स्पेसर आपोआप कोसळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि औषधाचा अमाइन सुटतो. म्हणजे एन्झाइम फक्त पहिला घाव घालतो, बाकीचं रसायन स्वतःहून घडतं. हे दोन टप्पे वेगळे आहेत ही गोष्ट पुढं एचपीएलसीच्या वेळी कामाला येते.

आधी संयुगाची झडती

इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. सर्वांत घातक अशुद्धी म्हणजे प्रोड्रगमध्ये राहून गेलेलं मोकळं औषध. गणित साधं आहे. समजा डॉक्सोरुबिसिनचा आयसी५० ०.२ मायक्रोमोलर आहे आणि प्रोड्रगमध्ये १ टक्का मोकळं डॉक्सोरुबिसिन आहे. २० मायक्रोमोलर प्रोड्रग घातलात की त्यासोबत ०.२ मायक्रोमोलर औषध गेलंच, आणि निम्म्या पेशी त्यानंच मरतील. प्रोड्रग कितीही घट्ट बंद असला तरी तो औषधापेक्षा १०० पटच सौम्य दिसेल. ‘विषारीपणा १०० पट कमी झाला’ असा निष्कर्ष दिसला की प्रोड्रगच्या गुणाआधी त्यातल्या अशुद्धीचा संशय घ्यावा. १००० पट फरक दाखवायचा असेल तर मोकळं औषध ०.१ टक्क्याच्या खाली हवं.

ते मोजायचं कसं? नेहमीच्या इंजेक्शनमध्ये ०.१ टक्क्याचं शिखर गोंगाटात बुडतं. म्हणून १ मिलिमोलर प्रोड्रगचं १० मायक्रोलिटर इंजेक्शन द्या, मुख्य शिखर डिटेक्टरच्या मर्यादेबाहेर गेलं तरी चालेल, आणि लगेच पुढं १ मायक्रोमोलर डॉक्सोरुबिसिनचं तेवढंच इंजेक्शन द्या. ४८० नॅनोमीटरवर प्रोड्रगच्या धावेतलं औषधाचं शिखर या दुसऱ्या शिखरापेक्षा लहान असलं पाहिजे. दोन धावांमध्ये कोऱ्या द्रावकाचं इंजेक्शन हवंच, नाहीतर आधीचा उरलेला अंश पुढच्या धावेत दिसतो.

साखरेच्या बाजूनं तीन दोष नेहमी निघतात. पहिला म्हणजे संश्लेषणात साखरेच्या आम्लावर असलेला मेथिल एस्टर पूर्ण न सुटणं. एन्झाइमला मोकळा कार्बोक्झिलेट लागतो, एस्टर असेल तर तो तोडत नाही. दुसरा, अल्फा ॲनोमरची, म्हणजे साखर उलट्या दिशेनं जोडलेल्या रेणूची भेसळ. प्रोटॉन एनएमआरमध्ये ॲनोमेरिक प्रोटॉनचा जे (कपलिंग स्थिरांक) ७ ते ८ हर्ट्झ असेल तर बीटा, ३ ते ४ असेल तर अल्फा. भेसळ असली की एन्झाइम कितीही वाढवा, प्रक्रिया ८०-८५ टक्क्यांवर येऊन थांबते आणि विद्यार्थी एन्झाइमला दोष देत बसतो. तिसरा दोष जास्त फसवा आहे. ॲसिटिल आणि मेथिल गट काढताना अल्कली जास्त झाली तर ग्लुकुरोनेटच्या चौथ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. मास स्पेक्ट्रममध्ये १८ कमी वस्तुमानाचं शिखर दिसतं आणि ‘यंत्राच्या आयन स्रोतात रेणूतलं पाणी निघून गेलं असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. एलसी-एमएसवर (एचपीएलसीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) बघा: पाणी स्रोतात निघून गेलं असेल तर ते शिखर मूळ संयुगाच्याच वेळेला येईल. वेगळ्या वेळेला आलं तर ते वेगळं संयुग आहे आणि तेही एन्झाइमला तुटणार नाही. लिथियम हायड्रॉक्साइड बर्फात, थेंबाथेंबानं घालावं आणि साखरेवरचे हे गट सुटल्याबरोबर ॲसिटिक आम्लानं थांबवावं.

स्टॉक (साठ्याचं तीव्र द्रावण) डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर करा. पुण्याच्या पावसाळ्यात डीएमएसओची बाटली उघडी राहिली की तो हवेतलं पाणी ओढतो, तीव्रता घसरते आणि कधी संयुगच खाली बसतं. २०-२० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून सिलिका जेल असलेल्या डब्यात उणे २० अंशाला ठेवा, खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका. डीएमएसओ १८.५ अंशाला गोठतो. वितळल्यावर व्हॉर्टेक्स न करता वरचा थर उचलला तर पहिल्या वेलपासूनच आकडा चुकतो.

एन्झाइमच्या बाटलीवरचं युनिट

सुरुवातीला ई. कोलायचा बीटा-ग्लुकुरोनिडेज वापरा. तो स्वस्त आहे आणि ६.८ पीएचला चांगला चालतो. बाटलीवरचं युनिट मात्र नीट वाचा. बहुतेक वेळा ते फिशमन युनिट असतं: फिनॉल्फ्थॅलिन ग्लुकुरोनाइडपासून तासाला १ मायक्रोग्रॅम फिनॉल्फ्थॅलिन सोडणारं प्रमाण. आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल. फिनॉल्फ्थॅलिनचा रेणुभार ३१८ धरला तर एका आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये सुमारे १९,००० फिशमन युनिट बसतात. एका शोधनिबंधातले ‘१० युनिट’ दुसऱ्या प्रकारच्या बाटलीतून घेतले की काय होतं ते यावरून कळेल.

एन्झाइमचं पार्सल बर्फात येतं. शुक्रवारी निघालेलं पार्सल सोमवारपर्यंत गोदामात पडतं, तेव्हा विक्रेत्याला सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवायला सांगा, विशेषतः मार्च ते मे. पातळ करण्यासाठी ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ६.८, त्यात मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). बीएसए विसरलात तर विरळ एन्झाइम प्लॅस्टिकला चिकटतो आणि प्रत्येक नळीत वेगळी क्रियाशीलता मिळते.

पिवळा रंग आणि इनहिबिटर

एन्झाइम जिवंत आहे का, किती घ्यायचा आणि इनहिबिटर (एन्झाइमला अडवणारं संयुग) कसा चालतो, हे तिन्ही पॅरा-नायट्रोफेनिल ग्लुकुरोनाइडवर ठरवा. हा सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतो तो पदार्थ, तुटला की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतो आणि तोच पिवळा रंग देतो. ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ५० मायक्रोलिटर पातळ एन्झाइम, १० मायक्रोलिटर इनहिबिटर (दहापट तीव्र, १० टक्के डीएमएसओ असलेल्या बफरमध्ये, म्हणजे शेवटी १ टक्का), ३७ अंशाला १५ मिनिटं. मग ४० मायक्रोलिटर १.२५ मिलिमोलर सबस्ट्रेट, शेवटची तीव्रता ०.५ मिलिमोलर. ३० मिनिटांनी १०० मायक्रोलिटर ०.२ मोलर सोडियम कार्बोनेट घालून थांबवा आणि ४०५ नॅनोमीटरवर वाचा.

कार्बोनेट फक्त थांबवायला नसतो. पॅरा-नायट्रोफिनॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून पिवळे होतात तो) ७.१५ च्या आसपास आहे, त्यामुळे ६.८ पीएचला त्यातला जेमतेम ३१ टक्के भाग पिवळा असतो. कार्बोनेटमुळे तो सगळा पिवळा होतो. न थांबवता थेट वाचायचं असेल तर प्रमाणित रेघ त्याच बफरमध्ये काढा.

एन्झाइम इतकाच घ्या की अर्ध्या तासात १० टक्क्यांपेक्षा जास्त सबस्ट्रेट संपणार नाही. वेलमध्ये ५० नॅनोमोल सबस्ट्रेट आहे. त्याचे १० टक्के म्हणजे ५ नॅनोमोल. कार्बोनेटनंतरच्या २०० मायक्रोलिटरमध्ये ते २५ मायक्रोमोलर होतात, आणि वेलमधला प्रकाशमार्ग सुमारे ०.६ सेंटिमीटर धरला तर शोषण ०.२७ च्या जवळ येतं. इनहिबिटर नसलेला वेल १.५ दाखवत असेल तर एन्झाइम फार झाला आहे, निम्म्याहून जास्त सबस्ट्रेट संपला आहे आणि इनहिबिटरचा परिणाम खरा आहे त्यापेक्षा कमी दिसेल. प्लेटवर रंग गडद आला की समाधान वाटतं, पण इथं फिकट रंगच खरा आकडा देतो.

हमखास चालणारा इनहिबिटर म्हणजे सॅकॅरोलॅक्टोन, अंतिम तीव्रता १ मिलिमोलरपर्यंत. मानवी एन्झाइमवर तो जास्त जोरात चालतो, ई. कोलायच्या एन्झाइमवर कमी. तो आम्ल आहे. तीव्र स्टॉकमुळे बफरचा पीएच उतरतो आणि निव्वळ पीएचच्या बदलानं एन्झाइम मंदावला तरी आपल्याला इनहिबिशन वाटतं. स्टॉकचा पीएच ६.८ वर आणा आणि त्याच दिवशी वापरा, कारण पाण्यात लॅक्टोनचं वलय हळूहळू उघडतं.

स्वतःचं नवं संयुग इनहिबिटर म्हणून तपासताना दोन सापळे आहेत. एक, गुठळ्या. अनेक तेलकट रेणू १०-२० मायक्रोमोलरच्या वर सूक्ष्म गोळे करतात आणि एन्झाइम त्यांच्या पृष्ठभागावर अडकतो. बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून प्रयोग पुन्हा करा. इनहिबिशन नाहीसं झालं तर ते संयुग सोडून द्या. दुसरा, रंग. आपल्याकडे हळदीवर काम करणारे विद्यार्थी खूप आहेत. करक्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, म्हणजे पॅरा-नायट्रोफिनॉलच्या अगदी शेजारी, आणि हळदीत चुना घातला की कुंकू होतं तसंच कार्बोनेट पडल्याबरोबर तेही लालसर होतं. शिवाय सीरम नसलेल्या ७.२ पीएचच्या बफरमध्ये अर्ध्या तासात बहुतेक करक्युमिन विघटित होतं. रंगीत संयुगासाठी एन्झाइम नसलेला पण बाकी सगळं असलेला वेल प्रत्येक तीव्रतेला लावा, आणि शेवटचा निर्णय एचपीएलसीवर घ्या.

आयसी५० सबस्ट्रेटच्या तीव्रतेवर अवलंबून असतो, म्हणून केएम (ज्या सबस्ट्रेट तीव्रतेला एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती) आधी काढा: ०.०५ ते २ मिलिमोलरमध्ये आठ तीव्रता पुरतात. इनहिबिटर सबस्ट्रेटशीच स्पर्धा करतो हे सिद्ध झालं असेल तर आयसी५० ला ‘एक अधिक सबस्ट्रेट भागिले केएम’ नं भागून केआय (सबस्ट्रेटच्या तीव्रतेवर अवलंबून नसलेला इनहिबिशनचा स्थिरांक) मिळतो. स्पर्धा सिद्ध न करता हे सूत्र लावू नका.

एचपीएलसी: काय कमी झालं, काय वाढलं

१०० मायक्रोमोलर प्रोड्रग, बफरमध्ये, ३७ अंशाला, अंधारात, कारण डॉक्सोरुबिसिनला प्रकाश सोसत नाही. ०, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी ५० मायक्रोलिटर नमुना काढून १५० मायक्रोलिटर बर्फगार ॲसिटोनायट्राइलमध्ये टाका; त्यात आंतरिक प्रमाण म्हणून डॉनोरुबिसिन आधीच असू द्या. व्हॉर्टेक्स, मग १२,००० जीला १० मिनिटं. वरचं द्रावण तसंच कॉलमवर टाकलं तर तीन चतुर्थांश ॲसिटोनायट्राइलमुळे शिखरं पुढं पसरतात. तेवढंच पाणी मिसळून मग टाका. सी-१८ कॉलम, १५० बाय ४.६ मिलिमीटर, ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल असलेलं पाणी आणि ॲसिटोनायट्राइल, १५ मिनिटांत २० ते ७० टक्के, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

आता दोन टप्प्यांचा मुद्दा. प्रोड्रगचं शिखर झपाट्यानं घटतंय पण औषधाचं तेवढ्या वेगानं वाढत नाही, असं दिसलं तर मधल्या अवस्थेचं शिखर शोधा: साखर गेली आहे, स्पेसर अजून लटकलेला आहे. ते जमा होत असेल तर दोष एन्झाइमचा नाही, स्पेसर सावकाश कोसळतोय. एन्झाइम दुप्पट करून उपयोग नाही; वलयावरचे गट बदलावे लागतील. तिन्ही शिखरांची बेरीज मोलमध्ये पहिल्या नमुन्याच्या ९० ते ११० टक्के भरली पाहिजे. कमी भरली तर औषध बीएसएबरोबर खाली बसलं, प्लॅस्टिकला चिकटलं किंवा नासलं. ३७ अंशाला न्यूट्रल पीएचमध्ये डॉक्सोरुबिसिन स्वतःही कमी होत जातं, म्हणून नुसत्या औषधाची एक नळी सोबत ठेवा.

एन्झाइमशिवायच्या नळ्या २४ तास चालवा: बफर ७.४, बफर ५, आणि १० टक्के सीरम असलेलं मीडियम. सीरम ५६ अंशाला अर्धा तास तापवलं म्हणून ते एन्झाइममुक्त झालं असं धरू नका. मीडियममध्ये प्रोड्रग उघडत असेल तर पेशींवरच्या प्रयोगाला अर्थ राहत नाही. ही नळी पेशी हातात घेण्यापूर्वीच बघायची असते, पण बहुतेक जण ती नंतर, परीक्षकानं विचारल्यावर लावतात.

पेशींची प्लेट

पेशी कुठून आणायच्या हा प्रश्न पुण्यात सोपा आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) या संस्थेचं पेशीभांडार देशभर पेशी पुरवतं, आणि तिथून रीतसर मागवलेल्या पेशींसोबत ओळख आणि इतिहास मिळतो. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क उसना आणू नका. मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची चाचणी केल्याशिवाय तर नाहीच. मायकोप्लाझ्मा स्वतःचे एन्झाइम घेऊन येतो आणि एमटीटीचा रंगही बदलतो.

एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) घ्या, वेलला १०० मायक्रोलिटरमध्ये ५,००० पेशी, रात्रभर बसू द्या. कडेच्या ३६ वेलमध्ये फक्त पीबीएस (क्षारयुक्त फॉस्फेट बफर) भरा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत इन्क्युबेटरचा पाण्याचा ट्रे लवकर आटतो आणि कडेचे वेल आधी सुकतात; ट्रे रोज बघा, त्यात निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला. जुलै-ऑगस्टमध्ये हाच ट्रे बुरशीचं घर होतो.

एकाच प्लेटवर, एकाच दिवशी, हे गट हवेत:

१. नुसतं डॉक्सोरुबिसिन
२. नुसता प्रोड्रग
३. प्रोड्रग आणि एन्झाइम
४. प्रोड्रग, एन्झाइम आणि सॅकॅरोलॅक्टोन
५. प्रोड्रग आणि ९५ अंशाला १० मिनिटं उकळलेला एन्झाइम
६. डॉक्सोरुबिसिन आणि सॅकॅरोलॅक्टोन
७. नुसता एन्झाइम, नुसता सॅकॅरोलॅक्टोन, नुसता डीएमएसओ

सहावा गट कोणी लावत नाही आणि नेमका तोच लागतो. चौथ्या गटात पेशी वाचल्या तर त्याची दोन कारणं असू शकतात: इनहिबिटरनं एन्झाइम अडवला, किंवा इनहिबिटरनं पेशींना औषधापासूनच वाचवलं. सहाव्या गटात पेशी पहिल्याइतक्याच मेल्या तरच पहिलं कारण उरतं. सातवाही हवा, कारण काही एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतात आणि पेशींना ते सोसत नाही.

सगळं ७२ तास ठेवू नका. तेवढ्यात सॅकॅरोलॅक्टोन संपतो आणि चौथा गट तिसऱ्यासारखा दिसू लागतो. २ तास ठेवा, मीडियम काढा, पीबीएसनं दोनदा धुवा, ताजं मीडियम घालून ७२ तास पूर्ण करा. पहिल्या गटालाही तेच २ तास द्या, नाहीतर तुलना खोटी ठरते. एन्झाइमचं प्रमाण एचपीएलसीवरून ठरवा: त्याच मीडियममध्ये तासाभरात ९० टक्के प्रोड्रग उघडणारं. डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत.

मग मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम एमटीटीचे २० मायक्रोलिटर, ३ ते ४ तास, मीडियम अलगद काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, ५७० नॅनोमीटर वाचन आणि ६३० संदर्भ. डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल आहे. सर्वांत वरच्या तीव्रतेला पेशी नसलेला वेल लावून त्याचा रंग वजा करा.

दुहेरी नायट्राइल हातमोजे आणि सेफ्टी कॅबिनेट याला पर्याय नाही. उरलेलं द्रावण, टिप्स, प्लेट यातलं काहीही बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात जात नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ते पिवळ्या पिशवीत, सायटोटॉक्सिक अशी खूण करून, जाळण्यासाठी जातं.

ई. कोलायच्या पलीकडे

इथवर सगळं जमलं तरी गाठीबद्दल अजून काही सिद्ध झालेलं नाही. मानवी एन्झाइमला ४ ते ५ पीएच आवडतो. गाठीच्या पेशींबाहेर साधारण ६.५ ते ६.९ असतो आणि रक्तात ७.४. तेव्हा मानवी एन्झाइम घेऊन ५, ६.५ आणि ७.४ अशा तीन पीएचला एचपीएलसीचा प्रयोग पुन्हा करा. ६.५ ला वेग किती उरतो हा आकडा या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा आहे.

ई. कोलायच्या एन्झाइमवर प्रोड्रग सुसाट उघडतो ही एका अर्थानं धोक्याची सूचनाही आहे, कारण तोच एन्झाइम आतड्यातल्या जिवाणूंत आहे. इरिनोटेकॅन या कर्करोगाच्या औषधाच्या बाबतीत हेच घडतं. त्यापासून तयार झालेलं एसएन-३८ हे सक्रिय रूप यकृतात ग्लुकुरोनाइड होऊन निरुपद्रवी बनतं, पित्तातून आतड्यात उतरतं, तिथं जिवाणू ती साखर तोडतात, आणि रुग्णाला तीव्र जुलाब होतात. २०१० साली जिवाणूंच्या एन्झाइमला अडवणारे आणि मानवी एन्झाइमला न धक्का लावणारे इनहिबिटर प्रसिद्ध झाले. जिवाणूंच्या एन्झाइमवर एक जास्तीचा लूप असतो, मानवी एन्झाइमवर तो नसतो, त्याचा फायदा त्यात घेतला आहे. म्हणून तुमचा इनहिबिटर कोणत्याही बाजूचा असो, दोन्ही एन्झाइमवरचे आकडे शेजारी शेजारी द्या.

प्लाझ्मातली स्थिरता उंदराच्या आणि माणसाच्या अशा दोन्ही प्लाझ्मांत बघा. उंदराच्या प्लाझ्मात कार्बोक्झिलेस्टरेज भरपूर असतो, माणसाच्या प्लाझ्मात तो नसतो. त्यामुळे एस्टर असलेला प्रोड्रग उंदरात तासाभरात फुटून माणसात टिकू शकतो, आणि नुसत्या उंदराच्या आकड्यावर चांगलं संयुग बाद होतं. मानवी प्लाझ्मासाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि समितीच्या बैठका रोज होत नाहीत. अर्ज संयुगाचं संश्लेषण सुरू असतानाच द्या.